शून्यावरच्या तीन रेषा

कंपनीत नव्याने लागलेल्या मुलांना आनंदी खांबेटे एनएमआर, म्हणजे चुंबकाच्या मशीनने रेणूची रचना ओळखणं, शिकवायची ती बिऱ्हाडांच्या भाषेत. "रेणूतला प्रत्येक हायड्रोजन हा एक भाडेकरू समजा," ती सांगायची. "त्याचा सिग्नल कागदावर उमटतो. पण तो अखंड राहतो की फुटतो, हे त्याच्या हातात नाही, शेजाऱ्यांच्या हातात आहे. शेजारी कुणी नसेल तर एक रेषा. एक शेजारी असेल तर दोन. दोघं असतील तर तीन, त्यातली मधली दुप्पट उंच. रेषा मोजा, एक वजा करा, शेजारी किती ते कळलं." मग चष्मा वर सरकवून ती पुढे म्हणायची, "किती ते कळलं. कोण ते नाही कळलं. कोण ते शोधायला वेगळे कष्ट पडतात, आणि आळशी माणसं नेमकी तिथेच फसतात."

सहा वर्षं ती हे वाक्य म्हणत होती. पुढे फसली ती स्वतःच, आणि आळसाने नाही.

कंपनी हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतली, औषधं बनवणारी. आनंदी वरच्या मजल्यावर बसून मशीनवरून आलेले कागद वाचायची. १९८६च्या एप्रिलमध्ये दिगंबर ठोसर निवृत्त झाले आणि तळमजल्यावरची मशीनची खोली तिच्याकडे आली. ठोसरांनी रीतसर चार्ज दिला. एकेचाळीस वस्तूंची यादी, टाइप केलेली, प्रत्येक वस्तूपुढे तिची सही. नट-बोल्टचे पाने, पंप, कागदाची रिळं, पेनं. सतराव्या क्रमांकावर 'सीलबंद नळी, एक, जशी आहे तशी' असं होतं. तिने तिथेही सही केली. चार्ज घेताना नळीत डोकावून बघणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

खोलीला खिडकी नव्हती. मधोमध करड्या रंगाचं चुंबकाचं धूड, बाजूला बटणांचं टेबल आणि त्यावर कागदाची पाटी. पाटीवरून पेन डावीकडून उजवीकडे सरकायचं आणि उजव्या टोकाला, शून्यावर पोचायला पाच मिनिटं घ्यायचं. घड्याळ आणि किल्ल्या बाहेर ठेवून आत जायचं. आत बारा महिने थंडी, आणि थंड पाण्याच्या पंपाचा एकसुरी आवाज. सोबतीला संपत, पन्नाशीचा शिपाई, जमिनी कारखान्यांत गेलेल्या हडपसरकरांपैकी एक. पण तो बहुधा दाराबाहेर स्टुलावर असायचा, आत त्याला हुडहुडी भरायची.

रोज सकाळी काम सुरू करण्याआधी मशीनची तपासणी करायची. त्यासाठी टीएमएस नावाच्या द्रवाचा थेंब घातलेली एक नळी असते. टीएमएसमधले सगळे हायड्रोजन एकसारखे, आणि परका शेजारी एकालाही नाही. म्हणून त्याची कायम एकच रेषा येते, बरोब्बर शून्यावर. बाकी सगळं तिथून मोजायचं. जुलैच्या चार तारखेला, शुक्रवारी, ही रोजची नळी तिच्या हातून फुटली. तिने खणातून ठोसरांची सीलबंद नळी, तीही टीएमएसचीच असणार असं धरून, काढली, मशीनमध्ये सोडली आणि पेन चालू केलं.

पाच मिनिटांनी शून्यावर तीन रेषा आल्या. एक छोटी, एक दुप्पट उंच, एक छोटी.

आनंदी घाबरली नाही, वैतागली. नळी मशीनमध्ये गरगर फिरत असते आणि त्या फिरण्यापायी कधी कधी खऱ्या रेषेच्या दोन्ही अंगांना खोट्या रेषा उमटतात. त्या ओळखायची युक्ती सोपी आहे. फिरण्याचा वेग बदलायचा. खोट्या रेषा जागा सोडतात, खऱ्या सोडत नाहीत. तिने वेग वाढवला, मग निम्म्यावर आणला. तिन्ही रेषा होत्या तिथेच राहिल्या. दुसरे नमुने लावून बघितले, त्यांतल्या टीएमएसची रेषा मुकाट्याने एकच आली. म्हणजे मशीन ठीक होतं. जे काही होतं ते या नळीत होतं.

तेवढ्यात संपत चहा घेऊन आला आणि रिकामा कप न्यायला भिंतीशी थांबला. तिने आणखी एक कागद काढला. चार रेषा आल्या.

"काय झालं, बाई?"

"काही नाही. तुम्ही जरा बाहेर बसा."

तो बाहेर गेला. तीन रेषा. तिने त्याला आत बोलावलं. चार. दुपारी त्यांचे साहेब, जयसिंगराव, कसलासा अहवाल मागायला आले. त्यांना बोलण्यात गुंतवून तिने पेन चालवलं. संपतसह तिघं खोलीत, रेषा पाच.

नळी माणसं मोजत होती. आनंदीसारख्या बाईला हे वाक्य मनातल्या मनात म्हणायलाही लाज वाटली, पण कागद समोर होते. लाजेपेक्षा वाईट गोष्ट दुसरीच होती. मोजणीत दर वेळी एक जास्त येत होता. तीन रेषा म्हणजे दोघं, आणि तीन रेषा आल्या तेव्हा ती खोलीत एकटी होती.

त्या दिवसापासून ती दाराला स्टूल लावून दार उघडं ठेवू लागली. बसायची जागा तिने बदलली, पाठ भिंतीला लागेल अशी. मशीनच्या मागे, जिथे फक्त वायरी होत्या, तिथे दिवसातून चार वेळा जाऊन बघून यायची. जयसिंगराव एकदा दारात उभे राहून म्हणाले, "खांबेटेबाई, एसी आपण खोलीसाठी घेतलाय. सगळं हडपसर गार करायचं कंपनीच्या मनात नाही." ती हसली आणि दार लावलं. पंपाच्या आवाजात आपल्या श्वासाचा आवाज वेगळा काढून ऐकत ती तासभर बसली, दुसरा कुणाचा येतोय का ते.

ऑगस्टमध्ये कळलं की तिला दिवस गेले आहेत.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. याआधी दोनदा राहिलं होतं आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात गेलं होतं. दुसऱ्या खेपेनंतर ती आणि श्रीधर त्या विषयावर बोलायचेच नाहीत. स्वारगेटजवळच्या दवाखान्यातून बाहेर पडताना ती रस्त्यातच थांबली, मागचा रिक्षावाला खेकसला, आणि तिला एकदम सगळं उमगलं. तिने जूनच्या तेरा तारखेपासून दिवस मोजले. जुलैत थोडं दिसलं होतं, पण तसं मागच्या खेपांनाही दिसलं होतं, ते तिने धरलं नाही. म्हणजे चार जुलैला ती खोलीत एकटी नव्हतीच. दोघं होती. तिच्या आधी, डॉक्टरांच्या आधी, नळीला कळलं होतं.

तरीही ती शास्त्र शिकलेली बाई होती, पडताळा हवाच. संपतची सून मैना रोज दुपारी डबा घेऊन यायची. तिला सातवा महिना होता.

"मैना, आत पाच मिनिटं एकटी बसशील? खुर्चीवर नुसतं बसायचं."

"मशीन काय करंल का मला, बाई?"

"काही करत नाही. फक्त बघतं."

"मग बसती की. गार तर हाय."

आनंदी पेन चालू करून बाहेर आली, दार लावलं. पाच मिनिटांनी कागदावर तीन रेषा होत्या. मैना आणि तिचं पोटातलं. पोटातलं मोजलं जात होतं, यात शंका उरली नाही. आनंदी त्या दिवशी बसमध्ये खिडकीशी बसून घरापर्यंत हसत आली.

मग तिला सवयच लागली. सकाळी खोलीत जायचं, दार लावायचं, नळी सोडायची आणि रेषा मोजायच्या. तीन. आहे. संध्याकाळी निघताना पुन्हा तीन. आहे. चौथा महिना लागला, पण रोज तीन रेषा येत राहिल्या आणि चौथा महिना सरला. त्या खोलीतली थंडी तिला आवडू लागली. कुणी नसताना ती रेषांशी दोन शब्द बोलायचीही.

दिवाळीत ती फराळाचा डबा घेऊन ठोसरांकडे गेली. ते सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. त्यांनी डबा उघडून चकली मोडून बघितली.

"मऊ पडलीय. पण आणलीत, हेच पुष्कळ." मग इकडचं तिकडचं झाल्यावर, खिडकीकडे बघत त्यांनी विचारलं, "सतरा नंबरची नळी वापरता का हो?"

"वापरते."

"एकट्या असताना किती येतात?"

हे तिने कुणाला, अगदी श्रीधरलाही सांगितलं नव्हतं.

"तीन," ती म्हणाली.

ठोसरांनी चकलीचा तुकडा डब्यात परत ठेवला. "मलाही तीनच यायच्या. सात वर्षं."

खाली कुणीतरी लवंगी माळ लावली, ती वाजून संपली.

"खोलीत कुणीच नसताना काढून बघितलंत कधी?" आनंदीने विचारलं.

"नाही."

"का?"

"दोन आल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी त्या खोलीत जावं लागलं असतं. आणि एक आली असती तर संध्याकाळी घरी यावं लागलं असतं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलं तरी दाबत राहिले. "तुम्हाला चार्ज दिला त्या रात्री मी गाढ झोपलो. सात वर्षांनी. तोंडी सांगायला हवं होतं, कबूल आहे. पण यादीत लिहिलं होतं, आणि सही तुम्ही केलीत."

सुट्टी संपून कामावर गेल्यावर तिने पहिलं काम तेच केलं. संपतला व्हरांड्याच्या टोकाला पाठवलं, नळी सोडली, पेन चालू केलं आणि बाहेर येऊन दार लावलं. स्टुलावर बसून ती मिनिटं मोजत राहिली. ठोसरांची दोन्ही वाक्यं तिच्या डोक्यात घुमत होती. दोन आल्या तर ते खोलीतलं. मग तिच्या पोटातलं रोजच्या मोजणीत कुठे होतं?

एक रेषा आली. उंच, सरळ, एकटी.

मग तिने संपतला बटण दाखवलं आणि एकट्याला आत बसवलं. दोन रेषा आल्या. तो एकटाच.

म्हणजे खोलीत काही नव्हतं. जास्तीचं जे होतं ते तिच्याबरोबर आत जात होतं आणि तिच्याबरोबर बाहेर येत होतं. बाळच, दुसरं कोण असणार. ठोसरांना म्हातारपणी काही दिसत असेल, तिने स्वतःला समजावलं. पण त्यांनी झाकण दाबलेलं तिला आठवत राहिलं, आणि रात्री श्रीधरच्या बाजूला पडल्यावर 'संध्याकाळी घरी यावं लागलं असतं' हे शब्द.

बावीस आठवडे झाले तरी पोटात हालचाल नव्हती. ऑफिसातल्या बायका म्हणत, पाचव्या महिन्यात फुलपाखरू फिरल्यासारखं वाटतं. तिला काहीच वाटत नव्हतं. नोव्हेंबरच्या मध्याला डॉक्टर वासंती ओक यांनी तिला सोनोग्राफी करायला लावली. दोन्ही खेपांना तिला सावरणाऱ्या त्याच होत्या.

आनंदी डोळे मिटून पडली होती. गेलं असेल, हेच तिला ऐकायचं होतं जणू, म्हणजे ऐकून एकदाचं संपलं असतं.

"ठोके उत्तम आहेत," वासंतीबाई म्हणाल्या. "बघा की. हे इथे धडधडतंय."

आनंदीने बघितलं आणि तिला रडू फुटलं. जिवंत होतं. वासंतीबाईंनी तिला रडू दिलं, रुमाल दिला, मग पडद्यावरची मापं पुन्हा घेतली.

"तुमचा हिशेब तेवढा चुकलाय. बावीस नाही, अठरा आठवडे. जुलैत थोडं दिसलं म्हणालात ना, तीच पाळी. म्हणून हालचाल नाही अजून. घाबरायचं कारण नाही."

"मग राहिलं कधी?"

"जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. दोन-चार दिवस इकडे तिकडे."

"चार जुलैला..."

"चार जुलैला कुठलं हो. तेव्हा काहीच नव्हतं."

बाहेर स्वारगेटच्या डेपोतून बसगाड्या निघत होत्या. ती फुटपाथवर उभी राहिली आणि आयुष्यात कधी केली नव्हती इतकी सोपी वजाबाकी करत राहिली. चार जुलैला तीन रेषा होत्या. तेव्हा बाळ नव्हतं. म्हणजे ती आणि आणखी कुणीतरी, जे एप्रिलपर्यंत ठोसरांबरोबर घरी जायचं.

आता बाळ होतं. ठोके तिने डोळ्यांनी बघितले होते. आणि पोटातलं मोजलं जातं, हे मैनाने दाखवलं होतं. ती, ते कुणीतरी आणि बाळ. तिघं. रेषा चार हव्या होत्या.

ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. एकदाही चार आल्या नव्हत्या.

आधी दोघं, आताही दोघंच. मधे नवं कुणी आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खोलीत गेली. संपतला बाहेर बसवलं. दार लावलं.

तिने नळी आत सोडली. कधी देवापुढे हात न जोडलेली ती बाई पुटपुटत होती, चार येऊ देत. एकदाच चार येऊ देत.

पेन निघालं.

पंपाचा आवाज येत होता. कागदाचा पहिला भाग कोरा गेला. दुसरा कोरा गेला. तिने खुर्चीचा हात घट्ट धरला.

शून्य जवळ आलं.

आणि पोटात हललं.

पहिल्यांदाच. फुलपाखरू नव्हे. आतून कुणी बोट टेकवावं तसं, हलकंच.

क्षणभराने पेन वर चढलं. छोटी रेषा.

पोटात पुन्हा. या वेळी जोरात, तिचा श्वास अडकला इतक्या जोरात.

मग पेन उंच गेलं.

पुन्हा हलकंच.

मग छोटी रेषा.

आनंदी चौथ्या रेषेची वाट बघत राहिली. पेन सपाट जात राहिलं. कागदाच्या काठाला लागलं आणि थांबलं.

ती उठली. मशीन बंद केलं, नळी काढली, रुमालात गुंडाळून खणात ठेवली. खणाला कुलूप घातलं. पंप बंद पडल्यावर खोली कधी नव्हे इतकी शांत झाली.

त्या शांततेत पोटात पुन्हा सुरू झालं.

"बाई, बरं हाय ना?" दारातून संपतने विचारलं. "पांढऱ्या पडला तुमी."

ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली.

श्रीधर संध्याकाळी आला. हालचाल सुरू झाल्याचं तिने सांगितलं नव्हतं, पण ती पलंगावर पडली होती आणि साडी हललेली त्याला दिसली. तो बूट न काढताच शेजारी बसला. मागच्या दोन्ही खेपांना त्याच्या वाट्याला एवढंही आलं नव्हतं. त्याने जपून हात ठेवला.

"आनंदी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज भरून आला. "अगं, हे बघ. हलकं. आता जोरात. आता पुन्हा हलकं." तो थांबला, ऐकल्यासारखी मान कलती केली. "परत. हलकं, जोरात, हलकं."

"अहो, हात काढा."

"थांब गं. एकदाही चुकत नाही बघ."

बाहेर दिवेलागण झाली. आनंदी छताकडे बघत पडून राहिली. तिने मोजणं थांबवलं होतं. श्रीधर हसत मोजत होता.